ठोंबरेनानांची चकती

ठोंबरेनानांना चहाबरोबर बिस्कीट द्यायचं असलं तर ते बशीत ठेवून चालायचं नाही. अख्खा पुडा त्यांच्या हातात द्यावा लागायचा. ते खिशातून भिंग काढायचे, पुड्याच्या मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, तोवर इकडे चहा गार. मग एक बिस्कीट मोडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, “लिवलंय काय आन् आत काय, बघाया नको व्हय?” एकदा एका पुड्यावर बदामाचं चित्र होतं आणि मागच्या बाजूला बदामाचा पत्ताच नव्हता, तर या माणसानं आमच्या नाक्यावरच्या दुकानदाराशी भर दुपारी हुज्जत घातली. दुकानदार बिचारा म्हणतो, “नाना, मी काय बिस्किटं भाजतो काय?” त्यावर नाना म्हणतात, “भाजत नाय, पन इकतोस ना?”

नाना गेल्याला आता दुसरा पावसाळा येईल. आजही पुडा फोडताना माझा हात आधी तो उलटा करतो. लागलेली सवय कसली सुटते.

माझं कर्जतच्या बाजारात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवरच्या माणसाला दोन छटा गोरं करून देणं ही माझी खासियत. त्यामुळे माझं आणि नानांचं जमायचं काही कारणच नव्हतं. आमची गाठ घातली अण्णासाहेबांनी. कळंबच्या रस्त्याला त्यांची एक बंद पडलेली भातगिरणी होती. तिथं त्यांनी हौसेनं गावोगावच्या जुन्या वस्तू गोळा केल्या: नांगर, कणग्या, जाती, पाळणे, घंगाळं, हंडे. त्याचं चांगलं टुमदार संग्रहालय झालं. शनिवार-रविवार रिसॉर्टला येणारी मंडळी बघायला यायला लागली आणि बाहेर पडताना विचारायला लागली, “इथून नेण्यासारखं काही आहे का?” म्हणून मग दुकान काढायचं ठरलं. आसपासच्या वाड्या-गावांतल्या बायकांनी वस्तू करायच्या आणि आम्ही त्या दुकानाला चेहरा द्यायचा, म्हणजे नाव, चिन्ह, पिशव्या, लेबलं. अण्णासाहेब याला ब्रँडिंग म्हणायचे आणि तो शब्द उच्चारताना शर्टाची कॉलर नीट करायचे.

“तू कर गं,” ते मला म्हणाले, “आणि आपले ठोंबरेनाना बघतील. रसायनीला केमिकल कंपनीत लेबल खात्यात होते. सगळी जिंदगी लेबलात गेली त्यांची.”

मी मनात म्हटलं, झालं! आता ॲसिडच्या ड्रमवाला मला टोपलीचं लेबल शिकवणार.

कंपनीतली त्यांची एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात ऐकली, आणि ती त्यांनी नव्हे, त्यांच्या जुन्या ड्रायव्हरनं सांगितली. माल भरलेला टेंपो फाटकावर निघायच्या बेतात उभा होता. नानांनी सवयीनं एक फेरी मारली, तर दोन ड्रमांवरची लेबलं अदलाबदल झालेली. साहेब म्हणाले, “ठोंबरे, जाऊ द्या, गिऱ्हाईक ओळखतं आपला माल.”  नानांनी टेंपोची चावी काढली, स्वतःच्या जेवणाच्या डब्यात भाकरीवर ठेवली, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसले. साहेबांनी आरडाओरडा केला, वरचे साहेब आले, तरी डबा उघडला नाही. लेबलं बदलली तेव्हाच चावी बाहेर आली. नानांची बढती तिथंच अडली ती शेवटपर्यंत. मी त्यांना हे विचारलं तर म्हणाले, “बढतीचं काय घेऊन बसलीस गं मंजे? ड्रमाला तोंड नसतं. त्याच्या वतीनं लेबलच बोलतं. आन् लेबल खोटं बोललं तर ज्याच्या हातात ड्रम, त्यो मरतो.”

तर अशा माणसासमोर मी माझं पहिलं काम ठेवलं. छान मातकट रंग, त्यावर पांढरी वारली चित्रं, गोल धरून नाचणारी माणसं. नानांनी भिंग लावून एकेक माणूस तपासला.

“ही कोन मंडळी?”

“वारली चित्रं आहेत, नाना. सगळीकडे हीच चालतात.”

“सगळीकडं चालत आसतील. वारली लोक ऱ्हातात तिकडं पालघरच्या अंगाला. आपल्याकडं ठाकर, कातकरी, कुनबी, आगरी. मंग ही बिचारी हितं कुनाकडं नाचाया आली?”

मला राग आला. मी म्हटलं, “मग तुम्हीच काढा ना चिन्ह.” आणि त्यांनी काढलं! दोन दिवसांनी पट्टीनं आखून आणलं. केमिकलच्या ड्रमावर धोक्याची खूण असते तसा टोकावर उभा केलेला चौकोन, जाड लाल कडा, आत काळी टोपली. अण्णासाहेबांनी ते हातात घेतलं आणि दचकून लांब धरलं. मी म्हटलं, “नाना, ही टोपली हुंगली तर माणूस बेशुद्ध पडेल असं वाटतंय.” नाना स्वतःच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. “हात वळलेला हाय गं माजा. दुसरं येतच नाय.” त्या दिवसापासून आमचं जमलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवली. वस्तूवर ती करणाऱ्या बाईचं नाव पाहिजे. दुकानाचं नाव मोठं आणि तिचं बारीक असं नाही, तिचंच नाव. मी जाड कागदाच्या चिठ्ठ्या छापल्या. नानांनी त्या बादलीत भिजत घातल्या, दुसऱ्या दिवशी काढल्या, अंगठ्यानं घासल्या. शाई हलली नाही. नाना खूष. ओट्यावर बायकांची बैठक भरली होती, तिथं ते ऐटीत एकेकीच्या हातात तिच्या नावाची चिठ्ठी द्यायला लागले.

पारूबाई म्हणून एक ठाकर बाई होती, ठाकुरवाडीहून बांबूच्या टोपल्या घेऊन यायची. तिनं चिठ्ठी परत केली. “ह्ये माजं नाव कागदावं नको. मानूस टोपली घरी न्हेनार, कागूद फाडनार आन् फेकनार. मंग माज्या नावाव कुनाचाबी पाय पडंल.”

“फाटत नाय, पारूबाय! रातभर पान्यात होता.”

“फाटत नाय? मंग तर आनखी वाईट. तसाच पडून ऱ्हाईल पायाखाली.”

बाकीच्या बायकाही माना हलवायला लागल्या. कुणालाच नाव नको. नानांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं लेबल निघू नये म्हणून झटलेला माणूस, आणि इथं निघत नाही हीच तक्रार! चार दिवस ते फिरकलेच नाहीत. फोन केला तर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, उचलायच्या आणि “बसल्यात” एवढं एकच सांगायच्या.

पाचव्या दिवशी आले ते तडक भांड्यांच्या दालनात गेले आणि तिथून मला हाक मारली. बायका आपला माल ठेवून झाला की त्या दालनात जरा रेंगाळायच्या, हे मलाही माहीत होतं. पारूबाई एका मोठ्या तपेलीपाशी उभी होती. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात ना, ठिपक्याठिपक्यांनी टोचून, तसं काठावर कुणाचं तरी नाव होतं. पारूबाई त्यावरून बोट फिरवत अक्षर जुळवत होती.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, “भांड्यावरचं नाव कुनी टाकत नाय गं. मोडीत देतानाबी मानूस आधी त्ये वाचतो.”

तिथं आमचं ब्रँडिंग ठरलं. रुपयाएवढी पितळेची चकती, तिला भोक, त्यातून लाल दोरा आणि चकतीवर भांड्यावर घालतात तसं ठिपक्यांचं नाव आणि खाली गाव. कर्जतच्या बाजारात भांड्यांचं एक दुकान आहे, त्याच्याकडे नाव घालायचं मशीन. ते टर्र टर्र वाजायला लागलं की समोरच्या टपरीवाल्याचं गिऱ्हाईकाशी बोलणं थांबतं. नाना तिथं स्टूल टाकून बसायचे आणि प्रत्येक चकती भिंगातून तपासायचे. एक वेलांटी चुकली म्हणून चकती बाद. दुकानदार माझ्याकडे येऊन रडला, “ताई, यांना घरी न्या हो.” मी त्याच ठिपक्यांची अक्षरं पिशव्यांवर आणि पाटीवर आणली. आणि दुकानाचं ‘नावानिशी’ हे नाव मी सुचवलं, हे इथं सांगून ठेवते, कारण अण्णासाहेब ते हल्ली आपल्या नावावर खपवतात.

बायकांनी चकत्या घेतल्या. पारूबाईनं आपली पदराला पुसली आणि टोपलीला बांधायच्या आधी गळ्याशी धरून बघितली.

उद्घाटन आठवड्यावर आलं तेव्हा अण्णासाहेबांना धडकी भरली. फळ्या लांबलचक आणि माल थोडा. त्यांनी ठोक बाजारातून खोकी मागवली: चावीच्या साखळ्या, फ्रिजला चिकटवायची चित्रं, छापील पिशव्या. नानांनी एक साखळी उचलली, उलटीसुलटी केली.

“अण्णासाहेब, ह्येच्या चकतीवं नाव कुनाचं घालू?”

“तुमचं घाला हो नाना, काय फरक पडतो?”

“मी कुठं केलीय?”

अण्णासाहेब चिडले. दुकान कुणाचं, जागा कुणाची, सगळं काढलं. नाना हात मागे बांधून ऐकत राहिले आणि बायकांच्या देखत, ओट्यावर उभं राहून म्हणाले, “दुकान तुमचंच हाय. पन नाव नाय, तर फळीवर नाय. मंग त्ये कुनाचंबी आसो.” अण्णासाहेब तापट असले तरी मनाचे मोठे. संध्याकाळी खोकी टेंपोत चढवून परत पाठवली.

आता काकींबद्दल सांगते. नानांच्या बायकोला आम्ही सगळे काकीच म्हणायचो. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, कारण दोघांच्या वाटचं नानाच बोलून टाकायचे. गोधडी मात्र अशी शिवायच्या की बघत राहावं. एकसारखा धावदोरा, चौकोनात चौकोन, कडेला त्रिकोणांची माळ. त्यांची एक गोधडी दाराच्या अगदी समोर टांगायची असं अण्णासाहेबांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. माणूस आत आला की आधी ती दिसली पाहिजे. नानांना त्याचा केवढा अभिमान! त्यांनी काकींची चकती सगळ्यांत शेवटी, सावकाश, दोनदा तपासून करून घेतली आणि सगळ्या बायका जमल्या असताना त्यांच्या हातात दिली. सुलोचना ठोंबरे, खाली गावाचं नाव.

काकींनी चकती बघितली. उलटी केली, परत सुलटी केली आणि नानांच्या तळहातावर ठेवली.

“ही माजी न्हाय.”

नाना हसले. “आगं, नीट वाच की. सुलोचना ठोंबरे. दुसरी कोन हाय हितं?”

“वाचलं. पन त्ये तुमी लिवलेलं हाय.”

“मी कुठं? मशीनवाल्यानं.”

“लग्नात,” काकी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “ताटात तांदूळ पसरले आन् तुमी अंगठीनं त्यात सुलोचना लिवलंत. सगळी म्हनाली, झ्याक नाव. मला कुनी इचारलं? माहेरातनं निघाले तवा माजं नाव येगळं होतं, तुमच्या उंबऱ्यात आल्याव येगळं. तुमच्या कंपनीत आत काय हाय त्ये बघून लेबल लावत्यात ना?”

  चाळीसेक वर्षांच्या संसारात काकी एवढं सलग बोलल्या असतील की नाही, देव जाणे.

काकींनी गोधडीची घडी घातली, पिशवीत भरली. “नाव नाय, तर फळीवर नाय. तुमीच म्हनलात.” आणि चालत रस्त्याला लागल्या. थांबवायची कुणाची छाती होती?

बायका पांगल्या. नाना ओट्यावर बसून राहिले. मी चहा आणला, बिस्किटाचा पुडा आणला. त्यांनी पुडा वाचला नाही.  हा सगळा खेळ त्यांच्या जिवावर उभा राहिला होता आणि त्यांच्याच घरची गोधडी त्यातून निघून गेली होती.

“शाळेत आमाला एक बाई होत्या, सुलोचनाबाई,” ते म्हणाले. “लई छान शिकवायच्या. मला त्ये नाव आवडायचं, म्हनून ठिवलं. तिचं नाव मला ठाव होतं गं, पत्रिकेत छापलेलं. पन म्हनलं, जुनं वाटतं. मंजे, ड्रमाला लेबल लावताना झाकन उघडून बघायचो मी. हितं नाय बघितलं.”

मी म्हटलं, “नाना, सगळेच तसं करायचे.”

“सगळ्यांचं जाऊ दे. मी लेबलवाला ना?”

उठले, स्कूटर काढली आणि कर्जतच्या रस्त्याला लागले. मशीनवाल्यानं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी नाना स्टुलावर बसले नाहीत, भिंग काढलं नाही. नाव सांगायच्या ऐवजी कागदावर लिहून दिलं आणि चकती गरम होती तशीच मुठीत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या स्कूटरवर मागे काकी, मांडीवर पिशवी. त्यांनी गोधडी काढली, स्वतःच दाराच्या समोर टांगली, खालच्या कोपऱ्यात लाल दोरा ओवून चकती बांधली. मी जवळ जाऊन वाचलं. चांगुणा, पळसदरी.

“पळसदरी माहेर का काकी?”

“व्हय. ह्यो टाका माज्या चुलतीचा. लग्नाच्या आदी शिकले.” मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाल्या, “गोधडी चांगुणा शिवती. सुलोचना सैपाक करती.”

नाना पलीकडे फळी पुसत होते. त्यांनी ऐकलं. पण बोलायला वेळच मिळाला नाही, कारण तासाभरात आणखी तिघीजणी आपापल्या चकत्या घेऊन आल्या. एकीला माहेरचं गाव घालायचं होतं, एकीला नाव बदलून पाहिजे होतं आणि एकीला दोन्ही नावं एका चकतीवर मावतात का ते बघायचं होतं. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, “एवढी दुरुस्ती आमच्या कंपनीतबी कदी झाली नाय!” पण निघाले लगेच. मशीनवाल्यानं त्यांना बघून शटर अर्धं ओढलं होतं म्हणे.

उद्घाटन छान झालं. आलेल्या पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांनी वस्तू घेण्याआधी चकती हातात घेऊन नाव वाचलं, काहींनी मोठ्यानं वाचलं. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या पारूबाईनं आपलं नाव एका अनोळखी बाईच्या तोंडून ऐकलं आणि हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. आम्ही सगळे हसलो. ती पण हसली, पण हात लगेच खाली घेतला नाही.

त्यानंतर नाना डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडे पुण्याला गेले. तिकडेच आजारपण वाढलं आणि परत आलेच नाहीत. काकी आता गावात असतात. गोधड्या येतात, चकती तीच. नानांना मी शेवटचं पाहिलं ते उद्घाटनाच्या दिवशी, उन्हं कलल्यावर.

स्कूटरनं ऐन वेळी दगा दिला होता, म्हणून दोघं टमटम पकडायला रस्त्याकडे निघाली. मी फाटकाशी पाटी पुसत उभी होते. काकी पुढे, नाना मागे, हातात रिकामी पिशवी. नाना बायकोला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. त्यांच्या पिढीत कुणीच मारायचं नाही. “आगं ए,” नाहीतर “ऐकलंस का.” आणि ते नवीन, म्हणजे जुनं नाव त्यांनी चकतीवर घालून आणलं होतं खरं, पण तोंडानं अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. माझं तिकडे लक्ष होतं.

काकी झपाझप पुढे गेल्या तसे नाना थांबले. आधी घसा खाकरला. मग म्हणाले, “चांगुणा.”

काकी चालतच राहिल्या. ऐकू आलं नसेल, किंवा आपल्यालाच हाक आहे हे कळलं नसेल. नानांनी इकडेतिकडे बघितलं, कान लाल झाले होते, आणि जरा मोठ्यानं हाक मारली, “चांगुणा!”

काकी थांबल्या. वळल्या नाहीत. नाना जवळ येईपर्यंत तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ते शेजारी पोचले तेव्हा समोर बघतच म्हणाल्या, “परत म्हना.”

आणि नानांनी, तिच्या अगदी शेजारी उभं राहून, बांधावरून शेतात हाक मारावी तशी ती हाक पुन्हा मारली.